बांधाच्या पल्याडचं नाव

तार्तू (एस्टोनिया),
३ जून २०२५

ती. सोनूबाई आत्तीस,
संघप्रियाचा जयभीम.

पोचले. कोल्हापूरहून मुंबई, मग दोन विमानं आणि शेवटी अडीच तासांची एक बस. आमच्या गायनवृंदातले सोळाच्या सोळा जण सुखरूप आहेत. शिवानीची बॅग तेवढी कुठेतरी राहिली होती, ती काल मिळाली. तोवर ती माझेच कपडे घालून फिरत होती. तिची उंची तुला माहीत आहे, त्यामुळे सलवार पोटऱ्यांपर्यंत!

मी पोचल्यावर फोनवर बोलायचं का, असं अतुलदादा विचारत होता. तुला ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचं लिहिलेलं तू वाचत नाहीस. "त्यात माणसाचा हात दिसत न्हाय" म्हणतेस. म्हणून वहीच्या कागदावर लिहिते आहे. याचा फोटो दादाला पाठवेन. तो स्टँडसमोरच्या दुकानातून कागदावर काढून तुला देईल. तूही वहीवर लिही आणि त्याला फोटो काढायला सांग. ड्यूटीवरून आल्यावर लेकाला आधी चहा दे, मग काम सांग.

आता मुख्य गोष्ट. इथे सहा ठिकाणी आमचे कार्यक्रम आहेत, पण खरं काम बारा तारखेला आहे. गावाबाहेर एक जुनं दगडी चर्च आहे. तिथे आमच्या चार गाण्यांचं रेकॉर्डिंग होणार आहे. लीना नावाच्या बाई ते करणार आहेत. पन्नाशीच्या आहेत, कमी बोलतात, कान मात्र मांजरासारखे. चारांतलं एक गाणं आपलं आहे, रोपलावणीचं. आणि पुढचा आवाज माझा! आमचा वृंद बसवणाऱ्या राजवर्धन सरांनी स्वतः सांगितलं.

एक अडचण आहे. तू मला शिकवलेल्या ओव्या दोनच आहेत. गाणं फार लवकर संपतं. मला अंधुक आठवतं, लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे असताना तू चुलीपुढे एकटीच तिसरी ओवी म्हणत होतीस. मी आले तशी थांबलीस. ती कुठली? लिहून पाठव. सरांना फार हवी आहे.

तुझी,
संघप्रिया


माळवाडी,
५ जून

चि. संघप्रियाला सोनूबाईचा जयभीम.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. अक्षार बिघडलंय तुझं. कागलच्या कंपनीत दिवसभर मशीनचं मापच लिवतीस, दुसरं काय हुणार.

तिसरी ओवी न्हाय. दोनच हायत. तू तवा सात वर्साची हुतीस, कुणाचं तरी दुसरं गाणं ऐकलं असशील. सरास्नी सांग, हाय तेवढं म्हणा. गाणं लांबवून काय पिठलं वाढतंय का.

हिकडं वळीव झाला, भाताचा तरवा टाकलाय. अतुल एस्टीच्या गडहिंग्लज-कोल्हापूर गाडीवर हाय. चहा देतो त्येला, तू नको सांगूस.

थंडी हाय का तितं? तितलं खाणं रुचंना म्हणून उपाशी राहू नको. मी भरून दिलेली शेंगाची चटणी काढ. शिवानीलाबी दे. ती पोरगी चांगली हाय, आपण हळदीकुंकू करत न्हाय म्हणून तिच्या आईनं मला मागं नुसतं भेटायला बोलावलं, ते मला आवडलं.

आणि एक सांग. मोठ्या माणसांचं काम हाय म्हंजे कागदावर नाव लिवत असतील की. माझं नाव कसं लिवलंय? सोनूबाई लिवलंय का सोनाबाई? रेशन कार्डावर सोनाबाई पडलंय, त्ये चुकीचं हाय. नीट बघून घे.

सोनूबाई


तार्तू,
७ जून

ती. आत्तीस,

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले.

तुझं नाव कागदावर सोनूबाईही नाही आणि सोनाबाईही नाही. तिथे 'पारंपरिक' असं लिहिलं आहे. आणि ते सरांनी लिहिलेलं असलं, तरी सांगितलं मी आहे.

तीन वर्षांपूर्वी वृंदात घ्यायच्या आधी प्रत्येकाचं गाणं ऐकत होते. माझ्या आधीची मुलगी गुरुजींचं नाव घेऊन कानाला हात लावत होती. तिच्या आधीचा मुलगा आजोबांच्या पेटीबद्दल बोलला. मी तुझं गाणं म्हटलं. सर एकदम उठून उभे राहिले. म्हणाले, "हे कुणाचं?" आत्ती, माझ्या तोंडावर तुझं नाव आलं होतं. मग वाटलं, पुढे विचारतील, आत्ती काय करतात, कुठे शिकल्या. मी सांगणार, लोकांच्या बांधाला रोप लावायच्या, मग भाताच्या गिरणीत पोती झाडायच्या. तिथे बसलेल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर काय येईल, ते मी आधीच बघून टाकलं. आणि मी म्हणाले, "आमच्याकडचं पारंपरिक आहे."

त्यानंतर तीन वर्षं सर स्टेजवरून तेच सांगत आले. मी शेजारी उभी असायची.

परवा लीनाबाईंनी एक छापील कागद दिला. प्रत्येक गाण्यापुढे लिहायचं: कुणी रचलं, कुणाकडून शिकलात, त्या माणसाचं गाव. त्यांच्या देशात शंभर वर्षांपूर्वी लोक खेडोपाडी हिंडून बायकांची गाणी लिहून घ्यायचे आणि प्रत्येकीचं नाव, वय, गाव खाली टिपायचे, असं त्यांनी सांगितलं. ते सगळे कागद अजून जपून ठेवले आहेत. सरांचं 'पारंपरिक' वाचून त्यांनी मला विचारलं, "या बाई कुठल्या गावच्या?" त्यांना ते कुणाचं तरी नावच वाटलं! सगळे हसले. मला हसता आलं नाही.

उद्या मी सरांना खरं सांगणार आहे. तुझ्यापुढे उभं राहून सांगायला हवं होतं. कागदावर सांगते आहे. रागाव, पण उत्तर दे.

संघप्रिया


तार्तू,
९ जून

आत्ती,

उत्तर नाही. दादाला विचारलं तर म्हणाला, "आईनं वाचलं, घडी घातली आणि तरव्याकडं गेली." तुझा राग माझ्यापर्यंत पोचला. मला तो मान्य आहे.

सरांना सांगितलं. आम्ही नदीकाठच्या बाकावर बसलो होतो. सर म्हणाले, "संघप्रिया, मी चारशे लोकांपुढे हे गाणं बेवारशी म्हणून सांगितलंय. तू मला एकदा कोपरानं ढोसायचं होतंस." मी रडायला लागले, तसे म्हणाले, "रडू नको, आवाज बसेल. बाराला गायचंय." उठताना त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, 'पारंपरिक' खोडलं आणि लिहिलं, 'रचना: सोनूबाई यल्लाप्पा कांबळे'.

सोनूबाई. मी नीट बघितलं.

संघप्रिया


माळवाडी,
१० जून

संघप्रिया,

मी तुझ्यावर रागावलो. एक दिवस. मग राग माझ्याकडंच वळला, म्हणून लिवायला येळ लागला.

त्यो कागद परत खोडायला लाव. एकट्या माझं नाव खोटं हाय. तू खोटं बोललीस तसं मीबी तुला बोललो. तिसरी ओवी हाय.

तुला ठावं हाय, आपला तुकडा पाटलांच्या शेताला लागून हाय. मदी बांध. गणपतराव पाटलांची बायकू झुंबरबाई आणि मी, दोघी लगीन हून एकाच वर्सी ह्या गावात आलो. लावणीला ती बांधाच्या पल्याड, मी अल्याड. आदी तिचं शेत दोघी लावायचो, मग माझं. वीस वर्सं. पहिली ओवी माझी:

*बांधाच्या अल्याड मी गं, बांधाच्या पल्याड तू*
*वाहत्या पाण्याला इचार, कुणाचं हाईस तू*

तिनं कंबर सरळ करून तितल्या तितं जबाब दिला. ती दुसरी ओवी, झुंबरची:

*पाणी म्हणतं बायांनू, मला न्हाय गं घर*
*ज्येच्या मुळाशी थांबीन, त्येच माझं म्हायेर*

तू इतकी वर्सं दोन्ही माझ्या म्हणून गातीस. मी तुला सांगितलं न्हाय. आणि तिसरीबी झुंबरनंच केली:

*सोनूनं दिलं गं रोप, झुंबरीनं धरली रांग*
*भात शिजल्यावर बाई, पंगत एकच सांग*

९८ सालच्या मे म्हयन्यात तिच्या थोरल्या पोराचं, बाळासोचं, लगीन निघालं. ती सवता बांधावर येऊन आवतान देऊन गेली. मी नवं लुगडं नेसलो. तवा तुझं मामा यल्लाप्पा हुतं; त्ये, अतुल, मी, सगळी गेलतो. मांडवात पंगत बसली. आमची पानं मांडलेली गोठ्याच्या कडंला. गणपतराव हातानं दावत हुता, "तुमी तिकडं." आम्ही बसलो. लोकांच्या लगनात कशाला तमाशा, म्हणून बसलो. तेवढ्यात झुंबर आमटीची बादली घेऊन आली. तिनं मला बगितलं. मी तिला बगितलं. मला वाटलं, आता बोलंल. ती वळली आणि आत गेली.

मी म्हटलं, उठा. अतुलच्या तोंडात घास हुता, त्यो थुकायला लावला. दहा वर्साचं पोरगं, भुकेलं हुतं. त्येचं तोंड मला अजून दिसतंय.

तवापासनं तिच्याशी बोललो न्हाय. तिच्या बाजूची लावण सोडली, गिरणीत गेलो. गिरणीच्या आवाजानं कान गेलं. तिची ओवी मातूर गेली न्हाय. तोंडात याची, मी गिळायचो.

तू घाबरून माझं नाव गाळलंस. मी रागानं तिचं गाळलं. गाळलं ते गाळलंच की.

उद्या तिच्याकडं जातो. माफी करायला न्हवं. तिची ओवी हाय, म्हणू का नको ते तिनं सांगायचं.

सोनूबाई


माळवाडी,
११ जून, दुपार

संघप्रिया,

तुझं उद्या रेकार्डिंग हाय, म्हणून घाईनं लिवतोय.

गेलतो. झुंबर सोप्यात बसून शेंगा फोडत हुती. लई वाळलीया. गणपतराव जाऊन चार वर्सं झाली. मला बगून हातातली शेंग तशीच राहिली. मी उंबऱ्याभाईरच उभी. म्हटलं, "बसायला आलो न्हाय. एक इचारायला आलोय." आणि सगळं सांगितलं, तू, परदेस, गाणं, कागद.

ती बोलाय लागली. लई येळ बोलली. मी म्हटलं, "झुंबर, मला ऐकाय येत न्हाय. नऊ वर्सं झाली."

तिनं तोंडावर हात ठेवला. मग आत हाक मारली. बाळासोची पोरगी आली, मोना. कालेजात हाय. मी पिशवीतनं वही काढून तिच्याकडं दिली. पुढचं तिचं अक्षार हाय.

*सोनूआजी, आज्जी म्हणते ते जसंच्या तसं लिहिते:*

*"गडहिंग्लजच्या बाजारात मी तुला तीनदा हाक मारली. एकदा तर मागनं पळत आले. तू वळली न्हाईस. मी म्हटलं, सोनू माझं तोंड बघणार न्हाय, आणि ते बरोबरच हाय. तुला ऐकूच येत नव्हतं हे मला कुणी सांगितलं न्हाय गं.*

*त्या दिवशी माझ्या हातात बादली होती. ती खाली ठेवून तुझ्या शेजारी बसले असते तर मालकांनी मारलं असतं, एवढंच. मार मी काय कमी खाल्ला? पण बसले न्हाय. सगळा गाव बघत होता म्हणून घाबरले. ओवी केली तवा मी खरंच केली होती. पाळायची वेळ आली तवा पाळली न्हाय.*

*गाऊ दे पोरीला. तिसरीसकट गाऊ दे. नाव घाल म्हणावं, पण सोनूचं आधी. पहिली ओवी तिची हाय."*

मी वाचलं. मी म्हटलं, "आता सांगून काय उपेग, असं मला म्हणायचं हुतं. पण सांगितलंस ते बरं केलंस."

ती जेव म्हणाली. मी जेवलो न्हाय. चहा घेतला.

झुंबरबाई गणपतराव पाटील. नीट लिव.

सोनूबाई


तार्तू,
१३ जून

ती. आत्तीस,

झालं. सगळं पहिल्यापासून सांगते.

तुझं अकरा तारखेचं पत्र बाराला सकाळी नाश्त्याच्या वेळी मिळालं. मी तुझी दोन्ही पत्रं सरांसमोर ठेवली. त्यांनी वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग सगळ्या सोळा जणांना बसमध्ये बसवून मोठ्याने वाचून दाखवली. शिवानी माझ्या शेजारी होती. तिच्या घरीही पाटीलकी आहे, तुला माहीत आहे. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आमच्याकडच्या लग्नातसुद्धा पानं वेगळी असायची. मी लहान होते. मला वाटायचं, त्यांना मोकळी हवा लागते."

चर्च आतून अगदी साधं आहे. पांढऱ्या भिंती, लाकडी जमीन आणि मधोमध एक वाट. आम्ही पाय हलवले की जमीन करकरायची. लीनाबाईंनी सगळ्यांना चपला-बूट काढायला लावले. जून महिना असून दगड-लाकूड बर्फासारखं! सर म्हणाले, "चिखलात उभं राहून गातात ते गाणं आहे, थंडीची तक्रार नको."

पहिल्यांदा गायलो तेव्हा बाहेरून ट्रॅक्टर गेला. दुसऱ्यांदा आदर्शला शिंक आली. तिसऱ्यांदा सगळं बरोबर झालं, पण सरांना पटेना. ते वाटेत मधोमध उभे राहिले आणि एकदम म्हणाले, "हे आपण चुकीचं करतोय. हे एकीचं गाणं नाही." मग निम्मा वृंद वाटेच्या या बाजूला आणि निम्मा त्या बाजूला. या बाजूला पुढे मी, त्या बाजूला शिवानी. पहिली ओवी मी म्हणायची, दुसरी तिने. तिसरी दोघींनी. सरांनी बसवलेले सगळे स्वरमेळ तिसऱ्या ओवीतून काढून टाकले. मागचे चौदा जण नुसता एक स्वर धरून उभे.

गाण्याआधी लीनाबाई म्हणाल्या, ज्यांचं गाणं आहे त्यांची नावं आधी तुझ्या आवाजात माईकवर सांग, ती गाण्याबरोबरच राहतील. मला वाटलं, हे सोपं आहे. तोंड उघडलं आणि 'सोनू'वरच थांबले. तीन वर्षांपूर्वी जिथे अडकले होते तिथेच. सर हळूच म्हणाले, "सावकाश. नावं नीट सांग."

मी पाणी प्यायले आणि म्हणाले, "हे गाणं सोनूबाई यल्लाप्पा कांबळे आणि झुंबरबाई गणपतराव पाटील यांनी रचलं. गाव माळवाडी, तालुका गडहिंग्लज, जिल्हा कोल्हापूर. सोनूबाई माझी आत्ती. तिने मला शिकवलं."

मग गायलो. 'पंगत एकच सांग' ही ओळ आली तेव्हा मी शिवानीकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, पण सूर तसूभर हलला नाही. संपल्यावर लीनाबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प उभं केलं. आवाज भिंतींतून पूर्ण निघून जाईपर्यंत. मग मान हलवली.

गाणं दादाच्या फोनवर पाठवलं आहे. तुला ऐकू येणार नाही, हे मला पाठवताना सारखं आठवत होतं. झुंबरबाईंना ऐकव. आणि मला अजून रागवायचं असेल तर मी बावीसला घरी येते आहे. समोर बसून रागाव.

तुझी,
संघप्रिया


माळवाडी,
१७ जून

चि. संघप्रियाला जयभीम.

काल अतुलला सुट्टी हुती. त्येला म्हटलं, झुंबरकडं जाऊन गाणं ऐकवून ये. त्यो फटफटी काढतोय तवर बगितलं, तर झुंबरच आपल्या गल्लीतनं येत हुती. मोनाच्या खांद्यावर हात, दुसऱ्या हातात काठी. वीस वर्सं दोघींनी एकमेकींची शेतं लावली, पण ही बाई माझ्या दाराला कवा आली न्हवती. शेजारच्या ज्ञानूची आई दारात येऊन उभी. बगू दे म्हटलं.

घोंगडं टाकलं. झुंबर भिंतीला टेकून बसली, मी तिच्या म्होरं. अतुलनं फोन मदी ठेवला आणि चालू केला.

मला काय ऐकाय येणार. मी तिचं तोंड बगत बसलो. आदी ती नुसती ऐकत हुती. मग मोनानं माझ्याकडं बोट दावलं आणि झुंबरचं डोळं पाण्यानं भरलं, तवा मला समजलं की आता तू आमची नावं घेतलीस. मग तिचं व्हट हलाय लागलं. ती गाण्याबरोबर म्हणत हुती. व्हटावरनं मी सबूद वळखला, 'अल्याड', आणि मीबी धरलं. तिचं तोंड बगून म्हणायचं, तिच्या म्होरं जायचं न्हाय, मागं राहायचं न्हाय. तिन्ही ओव्या म्हटल्या.

अतुलनं वहीवर लिवलं, "आई, तू लईच बेसूर म्हटलंस." झुंबरनं ते मोनाकडनं वाचून घेतलं आणि काठी उगारली त्येच्यावर. मी कितीतरी वर्सांनी हसलो बघ.

मग तिनं मोनाला लिवायला सांगितलं, "सोनू, मी अजून तुझ्याकडं माफी मागितली न्हाय." मी म्हटलं, "मागू नको. ते लगीन मी इसरणार न्हाय, मरस्तवर न्हाय. पण तू आलीस." तिनं मान हलवली. तिला पटलं. खोटं बोललो असतो तर तिला कळलं असतं.

येळ जेवायची झालती. जेवतीस का, म्हणून मी इचारलं न्हाय. भात, वरण्याची उसळ आणि ठेचा हुता. चार ताटं एका वळीत मांडली, तिचं, मोनाचं, अतुलचं, माझं. अतुल माझ्याकडं बगाय लागला. मी म्हटलं, बस. त्यो झुंबरच्या शेजारी बसला.

झुंबरनं दोनदा भात मागून घेतला.

सोनूबाई